बॉनव्हिलची मत्स्यशिडी

अमेरिकेच्या वायव्य भागात ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या कोलंबिया नदीवर, समुद्रापासून सुमारे २३५ किलोमीटर आत, बॉनव्हिल धरण उभे आहे. १९३८ मध्ये कार्यान्वित झालेले हे धरण वीजनिर्मितीइतकेच त्याच्या मत्स्यशिडीसाठी, म्हणजे माशांना धरण चढून जाता यावे म्हणून बांधलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या जलमार्गासाठी, प्रसिद्ध आहे. कोकणात पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांतून शेतात शिरणारे चढणीचे मासे थोडेच अंतर कापतात. कोलंबियातील सॅमन मात्र गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि विणीसाठी शेकडो किलोमीटर उलट पोहत जन्मस्थानी परततो. या नदीचे मासेमारीतले महत्त्व एवढे होते, की बॉनव्हिलच्या आराखड्यात मत्स्यमार्ग अपरिहार्य ठरला.

रचना वरकरणी साधी आहे. धरणाच्या खालच्या आणि वरच्या पाण्याच्या पातळ्यांत साधारण १८ मीटरचा फरक असून तो काँक्रीटच्या कुंडांच्या रांगेत वाटून दिला आहे. प्रत्येक कुंड आधीच्यापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर उंच असते आणि दोन कुंडांमधल्या भिंतीवरून, तसेच तिच्या तळाशी ठेवलेल्या भोकांतून, पाणी खाली येत राहते. चित्रांत नेहमी उडी मारणारा सॅमन दिसत असला, तरी प्रत्यक्षात पुष्कळ मासे उडीचा खटाटोप न करता या भोकांतून पोहत जातात. खरी अडचण चढण्याची नसून दार सापडण्याची आहे. मासा वेगाने येणाऱ्या प्रवाहाचा माग काढतो आणि वीजगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रचंड लोंढ्यापुढे शिडीतून येणारी धार नगण्य असते. म्हणून प्रवेशद्वारांपाशी जादा पाणी सोडून आकर्षक प्रवाह निर्माण केला जातो आणि वीजगृहाच्या दर्शनी भिंतीलगत एक आडवा मार्ग ठेवून तिथे घुटमळणाऱ्या माशांना शिडीकडे वळवले जाते.

शिडीच्या वरच्या भागात मार्ग अरुंद होऊन एका काचेच्या खिडकीपुढून जातो. खिडकीमागे बसलेले गणक समोरून निघालेला मासा चिनूक आहे, सॉकाय आहे की स्टीलहेड, हे क्षणार्धात ओळखून नोंद करतात. १९३८ पासून चालत आलेल्या या मोजणीवरूनच शिडीच्या यशाचा दावा केला जातो आणि तो खोटा नाही. प्रौढ सॅमन एकेक धरण बहुधा ९५ टक्क्यांच्या आसपास प्रमाणात पार करतात. परंतु खिडकीतून एका धरणापुरतेच दिसते. आयडाहो राज्यातील उगमाकडे जाणाऱ्या माशाला कोलंबियावरची चार आणि तिची उपनदी स्नेक हिच्यावरची चार अशी आठ धरणे ओलांडावी लागतात आणि प्रत्येक ठिकाणी शंभरातले ९५ निभावले, तरी आठव्या धरणानंतर साधारण ६६ उरतात. गोड्या पाण्यात शिरल्यावर सॅमन जवळजवळ काही खात नाही, त्यामुळे दार शोधण्यात गेलेला प्रत्येक दिवस त्याच्या अंगच्या चरबीतून वजा होतो. त्यात जलाशयांचे तापलेले पाणी: २०१५ च्या उन्हाळ्यात सुमारे अडीच लाख सॉकाय उष्णतेने दगावले. त्यानंतर स्नेक नदीवरील लोअर ग्रॅनाइट धरणाच्या शिडीत जलाशयाच्या खोल थरातले थंड पाणी पंपाने सोडण्याची कायम व्यवस्था करण्यात आली.

शिडी हा वर जाण्याचा मार्ग आहे. समुद्राकडे निघालेल्या बोटभर पिल्लांना तिचा फारसा उपयोग नाही, आणि या योजनेचा सर्वांत दुबळा भाग इथेच आहे. पिल्ले प्रवाहाबरोबर वाहत येतात आणि प्रवाह टर्बाइनकडे जातो. तेथील पात्यांचा मार आणि दाबातला अचानक बदल टाळण्यासाठी जाळ्या लावून त्यांना बगलमार्गाने वळवणे, मुद्दाम सांडव्यावरून पाणी सोडणे, इतकेच नव्हे तर त्यांना गोळा करून मालवाहू नौकांतून धरणांखाली नेऊन सोडणे, असे सर्व उपाय चालू आहेत. सांडव्याचा उपाय सोपा वाटतो, पण उंचावरून कोसळणारे पाणी हवा खोल ओढून नेते आणि पाण्यात विरघळलेल्या वायूचे प्रमाण वाढून माशांच्या शरीरात बुडबुडे धरतात. शिवाय, पूर्वी वसंतातल्या पुराबरोबर झपाट्याने समुद्र गाठणाऱ्या पिल्लांना आता एकामागून एक संथ जलाशय पोहून जावे लागतात, जिथे भक्षक माशांची चंगळ असते. या विलंबावर कोणत्याही शिडीपाशी उत्तर नाही.

सॅमन हा एकटा प्रवासीही नाही. जबडा नसलेला, चोषकासारख्या तोंडाचा लँप्री मासा एका झेपेत थोडे अंतर पोहतो, तोंडाने भिंतीला चिकटून विश्रांती घेतो आणि पुन्हा झेपावतो. शिडीतल्या काटकोनी कोपऱ्यावर त्याची पकड सुटते आणि तो मागे फेकला जातो. एकेका धरणापाशी जवळपास निम्मे लँप्री अडकून पडत. बॉनव्हिलवर त्यांच्यासाठी पाण्याचा पातळ थर वाहणारे ॲल्युमिनियमचे उतार बसवण्यात आले, कोपरे गोलसर करण्यात आले. तरीही उमाटिला आणि नेझ पर्स या मूलनिवासी जमाती, ज्यांच्या आहारात आणि विधींत लँप्रीला मानाचे स्थान आहे, त्याला वाहनांत भरून वरच्या ओढ्यांत नेऊन सोडतात. तळाशी राहणारा अवाढव्य स्टर्जन तर शिडी क्वचितच चढतो. आणि वरच्या अंगाला १९४२ मध्ये पूर्ण झालेल्या, सुमारे १६८ मीटर उंचीच्या ग्रँड कूली धरणाला शिडीच ठेवलेली नसल्याने त्यापलीकडची नदी सॅमनला बंद झाली.

मासा बदलला की शिडीचा हिशेबही बदलतो, हे या नमुन्याची नक्कल करणाऱ्यांना महागात पडले. थायलंडमध्ये १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या पाक मून धरणावरची शिडी मेकाँगच्या खोऱ्यातल्या बहुविध माशांना उपयोगी पडली नाही आणि मच्छीमारांच्या दीर्घ आंदोलनानंतर वर्षातले काही महिने धरणाचे दरवाजेच उघडे ठेवावे लागले. गंगेवर १९७५ मध्ये सुरू झालेल्या फराक्का बंधाऱ्यात हिलसा माशासाठी मत्स्यद्वारे, म्हणजे नौकांच्या जलपाशाप्रमाणे मासे आत घेऊन पातळी वाढवणारी दालने, ठेवलेली होती. पूर्वी अलाहाबादपर्यंत पोहोचणारा हिलसा तरीही त्यापलीकडे जवळपास दिसेनासा झाला. आता बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचे कर्मचारी बंधाऱ्याच्या खाली पकडलेले हिलसे वरच्या पात्रात नेऊन सोडतात आणि ते कुठवर जातात हे कळावे म्हणून त्यांतल्या काहींना खुणेच्या पट्ट्या लावतात.