बारवीच्या काठावर वसंतात फिरायला जाताय? आधी पाण्याची रेघ कुठे आहे ते बघा

मार्चमधला रविवार, सकाळचे साडेसहा. बदलापूर पश्चिमेहून तीन रिक्षांत आम्ही दहा जण निघालो. मुळगावच्या खंडोबाची टेकडी मागे पडली आणि थोड्या वेळात बारवीचं जंगल सुरू झालं. उतरल्या उतरल्या ग्रुपमधली कॉलेजची मुलगी म्हणाली, “काका, सगळं वाळलंय की!” आमच्यातले ज्येष्ठ पक्षीनिरीक्षक हसले. “वाळलं नाही गं, पानं टाकलीत.”

वसंत म्हटलं की डोळ्यांसमोर हिरवळ येते. बारवीच्या पानगळी जंगलात मात्र वसंत तांबडा आणि करडा असतो.

पानं नाहीत, मग फुलं कशी?

पावसाळा संपून पाच महिने झालेले असतात आणि जमिनीत ओल उरलेली नसते. पानांतून झाड सतत पाणी बाहेर टाकतं, त्यामुळे ते पानंच गाळून टाकतं. उरलेल्या साठ्यावर पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. फांद्या उघड्या असल्याने लाल-केशरी फुलं पक्ष्यांना लांबून दिसतात. मधासाठी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर येतात आणि परागकण या झाडावरून त्या झाडावर जातात. एका सावरीखाली आम्ही वीस मिनिटं उभे होतो, तेवढ्यात वर साळुंक्यांची तीन भांडणं झाली.

कुसुंबाचं वेगळंच. लांबून फुललेलं वाटतं, जवळ गेल्यावर कळतं की ती लाल रंगाची कोवळी पालवी आहे. नव्या पानात हरितद्रव्य पुरेसं तयार व्हायच्या आधी लाल रंगद्रव्य असतं. कडक उन्हापासून ते पानाला वाचवत असावं, असं मानलं जातं.

पाणी इतकं लांब का?

आता मूळ मुद्दा. झाडं संपली तरी पाणी सुरू होत नाही. मध्ये भेगाळलेल्या मातीचा रुंद पट्टा लागतो. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, धरण आटलं. तसं नसतं, आणि इथे माझं इंजिनीअरिंग पहिल्यांदा कामी आलं म्हणायला हरकत नाही.

एमआयडीसीचं हे धरण १९७२ सालचं. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली. शेवटच्या टप्प्यात पूर्ण भरल्याची पातळी ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटरवर गेली. वाढ चारच मीटरची, पण साठवण सुमारे २३५ दशलक्ष घनमीटरवरून सुमारे ३४० वर पोहोचली. म्हणजे आजच्या भरलेल्या धरणातलं जवळपास एक तृतीयांश पाणी फक्त वरच्या चार मीटरमध्ये आहे.

पसरट वाडगा आठवा. तळाला एक इंच पाणी म्हणजे दोन घोट, काठाजवळचं एक इंच म्हणजे पेलाभर. काठ पसरट असल्याने पाणी थोडं उतरलं तरी मागे खूप सरकतं. जमिनीचा उतार पन्नासाला एक असेल, तर पातळी एक मीटर उतरली की पाण्याची रेघ पन्नास मीटर मागे जाते. डोंगराच्या बाजूला उतार तीव्र असल्याने तिथे हा पट्टा अरुंद दिसतो.

यावरून घरबसल्या एक अंदाज बांधता येतो. बारवीचा साठा ६९ टक्क्यांवर आल्याची बातमी दिसली की समजा, पाणी साधारण जुन्या, उंची वाढण्याआधीच्या रेघेवर आलं. त्यापुढे जे उतरतं ते जुन्या धरणातलं.

त्या चार मीटरमध्ये काय होतं?

गावं होती. तोंडली, मोहघर, काचकोली आणि शेजारच्या वस्त्या. २०१९ च्या पावसाळ्यात धरण नव्या उंचीपर्यंत भरलं आणि घरं, शेतं पाण्याखाली गेली. बाधित कुटुंबांना एमआयडीसीत आणि इथलं पाणी घेणाऱ्या पालिकांमध्ये नोकऱ्या देण्याचा निर्णय झाला, पण प्रत्यक्ष नेमणुकांसाठी लोकांना बरीच वाट पाहावी लागली.

आम्ही चालत होतो त्या पट्ट्यात दगडांची एक सरळ ओळ दिसली. शेताचा बांध. काका तिथे थांबले, काही बोलले नाहीत.

धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत जातं, जांभूळ येथे उचलून शुद्ध केलं जातं आणि अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदरपर्यंत पोहोचतं. गंमत म्हणजे धरणाला इतक्या जवळ असलेलं बदलापूर मुख्यतः उल्हास नदीवरच्या बॅरेजचं पाणी पितं. पावसाळा लांबला तर हाच साठा जुलैच्या मध्यापर्यंत पुरवायचा असतो, म्हणून कपातीची चर्चा ऐन वसंतात सुरू होते. पळस फुलणं आणि पाणीकपात, दोन्हींचा हंगाम एकच.

जायचं असेल तर

पाण्याजवळ जाऊ नका, हे सगळेच सांगतात. कारण सांगतो. वरून कोरडा दिसणारा गाळ आत ओला असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो. बुडालेल्या जमिनीवर जुने ओढे आणि खड्डे आहेत, घोटाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट खोलात पडू शकतं. पोहता येणारेही अशाच ठिकाणी फसतात.

धरणाची भिंत आणि दरवाजांच्या भागाकडे फिरकू नका. राखीव जंगलात विनापरवाना शिरणं आणि आग लावणं हे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम २६ नुसार गुन्हे आहेत, त्यामुळे ग्रुपने आधी वनविभागाकडे विचारावं. बिबट्याचा वावर असलेला हा पट्टा आहे. उजाडल्यावरच आत जा, एकेकटे पांगू नका.

आगीचं मात्र गंभीरपणे घ्या. याच दिवसांत शेतकरी राब भाजतात, मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून काही ठिकाणी खालचा पाचोळा पेटवला जातो, आणि वारा फिरला की वणवा लागतो. त्यात आपल्या सिगारेटची भर नको. मोहाखाली पहाटे पडलेली फुलं वेचणाऱ्या एक मावशी आम्हाला भेटल्या. टोपली अर्धी भरली होती. आमच्यातला एक जण फोटोसाठी फुलांवरून चालला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “दादा, जरा कडेनं.” ती फुलं त्यांची कमाई असते.

दहाच्या आत बाहेर पडा. त्यानंतर पक्षी गप्प होतात आणि सावली देणारी झाडं तर पानं टाकून बसलेली.

परतीच्या रिक्षात उल्हासनगरच्या एका ताईंनी तो दगडी बांध सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली पहिला मेसेज आला, “आज पाणी किती वाजता आहे?”