विंचवाचे बिऱ्हाड

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण फिरतीवरच्या माणसासाठी वापरतो. संगणकाच्या प्रोग्रामलाही ती लागू पडते, हे कला शाखेच्या वाचकांपुढे मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

लिस्प ही संगणकाची जुनी भाषा. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तिचा पाया घातला. पुढे तिच्या अनेक बोली झाल्या, म्हणून एक सामाईक 'कॉमन लिस्प' ठरवली गेली व १९९४ मध्ये तिला प्रमाणरूप मिळाले. प्रमाणभाषा आणि बोली हा प्रश्न तेथेही आहेच!

आमच्या पहूर भागातील तावडी बोलीचे शब्द साठवावेत व शोधता यावेत, म्हणून मी या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आजीच्या तोंडचे शब्द केवळ माझ्याच संगणकात राहिले, तर त्यांचा गावाला काय उपयोग?

अडचण अशी की, एरवी दुसऱ्याच्या संगणकावर आधी लिस्प बसवावी लागते, मग लायब्रऱ्या. येथे लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे, तर इतरांनी लिहून ठेवलेला तयार मजकूर, जो आपल्या प्रोग्रामला उसना मिळतो. एकीला दुसरी लागते, दुसरीला तिसरी. लग्नात एका पाहुण्यामागे चार यावेत तसे. २०१० साली आलेले 'क्विकलिस्प' हे साधन ही सारी वरात आपोआप उतरवून घेते. पण त्याला इंटरनेट हवे.

यावर तोड आहे. 'एसबीसीएल' या मोफत कॉमन लिस्पमध्ये प्रोग्राम व सर्व लायब्रऱ्या एकदा भरून घ्याव्यात आणि 'सेव्ह-लिस्प-अँड-डाय' ही आज्ञा द्यावी. अर्थात, 'जतन कर आणि मर'! त्या क्षणी स्मृतीत असलेले सारे एका फाइलमध्ये उतरते व चालू लिस्प बंद पडते. फाइल स्वतंत्रपणे चालणारी हवी आणि उघडताच काम कोठून सुरू करायचे, एवढे आज्ञेत सांगावे लागते. फाइल साधारण ३०-४० मेगाबाइटची होते, कारण भाषांतर करणारा कंपायलरही तिच्याच पोटात असतो. पेनड्राइव्हला हे ओझे जड नाही.

मात्र तीन पथ्ये आहेत. पहिले, सी भाषेतल्या लायब्रऱ्या, उदाहरणार्थ एसक्यूलाइट, सहसा या पोटात येत नाहीत. त्यांच्या फाइली शेजारी ठेवाव्या लागतात. 'डिप्लॉय' नावाची लायब्ररी हे काम करते. दुसरे, विंडोजसाठीची फाइल विंडोजवरच बांधावी. तिसरे, बांधतानाचा घरचा पत्ता फाइलमध्ये गोठून राहतो. म्हणून शब्दांची फाइल कोठे आहे, हे प्रोग्राम सुरू झाल्यावरच शोधावे.

इतके सांभाळले की पाहणाऱ्याला लिस्पचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. फाइलवर दोनदा टिचकी मारली की पुरे. ज्यांची बोली, त्यांच्याच ओसरीवर ती उघडली पाहिजे. विद्येचे सार्थक याहून वेगळे ते काय?

— द्वितीय वर्ष, कला