सुटकेनंतरचा कागद

जयपूरच्या त्रिपोलिया बाजारालगत ‘मनिहारों का रास्ता’ ही गल्ली आहे. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेल्या या नगरीत लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांचा ठसा आजही येथे दिसतो. कारागीर ग्राहकासमोर कोळशाच्या शेगडीवर लाख मऊ करून मनगटाच्या मापाची बांगडी वळतो. बांगड्यांवर खडे आणि आरसे चिकटवण्याचे किचकट काम मात्र भट्टा बस्तीसारख्या वस्त्यांतील बंद खोल्यांतही चालते. तेथून पोलिसांनी वेळोवेळी लहान मुलांना सोडवले आहे. त्यांतील पुष्कळ मुले बिहारमधील गया, समस्तीपूर यांसारख्या जिल्ह्यांतून आणलेली असतात.

सेवेत असताना अशाच एका मुलाशी माझे बोलणे झाले होते. विचारण्याआधीच त्याने वय अठरा सांगितले. ते दहाच्या पुढे नसावे. आणणारा कोण, तर गावातलाच ‘चाचा’. वडिलांच्या हाती काही आगाऊ रक्कम ठेवून त्याने मुलाला गाडीत बसवले होते. मानवी व्यापार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अपहरण करणारा अनोळखी माणूस येतो. तो बहुधा ओळखीचाच असतो, आणि प्रतिबंध अवघड होतो तो याचमुळे.

मुलाला घरी पाठवल्यावर आम्ही प्रकरण संपले असे मानले. वर्षभराच्या आत तो दुसऱ्या एका कारखान्यात सापडला. त्याला वेठबिगारीतून मुक्त झाल्याचे प्रमाणपत्र कोणी दिलेच नव्हते. पाठपुरावा मीही केला नव्हता.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने मानवी व्यापार व वेठबिगार निषिद्ध केली. १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार एका बालकाच्या व्यापारासाठी किमान दहा वर्षे, तर एकाहून अधिक बालकांसाठी किमान चौदा वर्षे कारावास आहे. (स्वतंत्र सर्वंकष विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले, राज्यसभेत न जाताच पुढच्या वर्षी व्यपगत झाले. त्याचे मला फारसे दुःख नाही.) २०१६ च्या केंद्रीय योजनेत मुक्त बालकासाठी दोन लाख रुपयांची, तर अत्यंत शोषणाच्या प्रकरणांत तीन लाखांची तरतूद आहे. पण या साहाय्याची वाट मुक्ती प्रमाणपत्रातून जाते आणि पूर्ण रक्कम आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडलेली आहे. खटला रेंगाळतो, कर्ज मात्र थांबत नाही. ते फेडायला घरचे पुन्हा त्याच चाच्याकडे वळतात.

म्हणून छाप्यांच्या संख्येवर यश मोजणे थांबवावे. मुलगा जयपूरहून गाडीत बसण्यापूर्वी प्रमाणपत्र त्याच्या हाती असावे, त्याची प्रत मूळ जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जावी, आणि सहा महिन्यांनी तो शाळेच्या पटावर आहे की नाही हे तेथील अधिकाऱ्याने लेखी कळवावे. संशय आल्यास १०९८ या क्रमांकावर कोणीही कळवू शकते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो क्रमांक लिहिण्यास तर कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.