फौजीच्या बायकोची वाट ग्रामपंचायतीवरून जाते

पुण्याची मंडळी मुळशीतल्या कोळवण खोऱ्यात येतात ती चिन्मय विभूती आश्रम पाहायला, हाडशीच्या मंदिरात जायला किंवा तिकोना किल्ल्यावर चढायला. खोऱ्यातली माणसं कामासाठी उलट्या दिशेने जातात, पौडच्या तहसीलला नाहीतर पुण्यात नोकरीला. एखाद्या घरातला मुलगा मात्र फौजेत जाऊन थेट तेजपूर नाहीतर जम्मू गाठतो. साताऱ्याचं अपशिंगे किंवा शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी यांच्यासारखा फौजी गावाचा लौकिक या खोऱ्याला नाही. त्या गावांत नव्या सुनेला ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणजे काय ते शेजारीणसुद्धा सांगेल. कोळवणच्या सुनेला ते विचारायला माणूस शोधावा लागतो.

जवान फील्डमध्ये असतो तेव्हा बायको-मुलं गावीच राहतात. पीस स्टेशनला बदली झाली, क्वार्टर मिळालं, फॅमिली परमिशन आली की फोन येतो, ‘ये आता’. बायको बॅग भरते आणि मग कळतं की पलटणीच्या कागदांत आपलं लग्नच झालेलं नाही.

हे बहुतेक वेळा लग्नाच्या सुट्टीत ठरून गेलेलं असतं. वर्षाची सुट्टी साठ दिवसांची. त्यात बघणं-ठरवणं, साखरपुडा, हळद, लग्न, जागरण-गोंधळ, जेजुरी. पत्रिका शंभर घरी जाते, पण ग्रामपंचायतीत कोणी जात नाही. खरं तर महाराष्ट्राच्या 1998च्या विवाह नोंदणी अधिनियमानुसार लग्नानंतर 90 दिवसांत नोंद करायची असते आणि खेड्यात ग्रामपंचायत अधिकारीच (पूर्वीचा ग्रामसेवक) विवाह निबंधक असतो. लग्नपत्रिका, दोघांचे वयाचे व पत्त्याचे पुरावे, फोटो, तीन साक्षीदार एवढ्यावर काम होतं. अट एकच, नवरा-बायको दोघांनीही समोर उभं राहून सही करायची. नवरा परत गेला की ही सही पुढच्या सुट्टीवर जाते. उशीर झाला म्हणून नोंदणी नाकारत नाहीत, थोडा दंड भरावा लागतो. पण मधलं वर्ष हातातून जातं.

दाखला मिळाला की जवान तो जोडप्याच्या फोटोसह युनिटमध्ये देतो. युनिट पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदीतला बदल कळवणारा आदेश, काढतं आणि ती नोंद रेकॉर्ड ऑफिसला जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. खडकी कोळवणपासून तासा-दीड तासाची वाट असली तरी तिथे जाऊन खिडकीवर काही होत नाही, कागद युनिटमार्फतच हलतो. पण ही एक नोंद झाली की डिपेंडंट कार्ड, कॅन्टीन, मिलिटरी हॉस्पिटल आणि सरकारी खर्चाचा प्रवास ही सगळी दारं उघडतात.

नोंदीतली खरी मेख नावात आहे. शाळेच्या दाखल्यावर मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, मतदार ओळखपत्र माहेरच्या गावचं. त्यातून सासरी तांदळावर पहिलं नावही बदललेलं असलं, तर एकाच बाईच्या कागदांवर तीन बाया तयार होतात. जवानाने युनिटला हौसेने सासरचं नाव कळवलेलं असतं, बँकेत मात्र माहेरचं. माझं मत रोखठोक आहे. कायदा नाव बदलायची सक्ती करत नाही. बदलायचं नसेल तर माहेरचंच नाव सगळीकडे राहू द्या. बदलायचं असेल तर आधी आधार आणि मतदार यादी दुरुस्त करून घ्या, आणि तेच नाव अक्षरन्‌ अक्षर तसंच पार्ट टू ऑर्डरमध्ये घाला. मतदार यादीतला पत्ता आणि नाव दोन्हींसाठी आता आठ नंबरचा एकच फॉर्म आहे.

रेल्वेचं त्या मानाने सोपं. वॉरंट किंवा सवलतीचा ‘फॉर्म डी’ युनिटमधून येतो, आता बरीचशी तिकिटं डिफेन्स ट्रॅव्हल सिस्टिमवरून ऑनलाइन निघतात. पुणे स्टेशनवर लष्कराचं एमसीओ ऑफिस आहे, अडचण आली तर तिथे विचारावं.

पूर्वेकडे जायचं असेल तर आणखी एक कागद लागतो. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि 2019पासून मणिपूर या राज्यांत बाहेरच्या भारतीयाला इनर लाइन परमिट लागतं. मूळ इंग्रजांच्या 1873च्या कायद्यातलं. आसामात तेजपूरपर्यंत कोणी विचारत नाही, पण पुढे अरुणाचलातल्या तेंग्याच्या रस्त्यावर भालुकपोंगला नाका आहे. नवरा तिथे नोकरीला आहे म्हणून बायको तिथली रहिवासी होत नाही. परमिट ऑनलाइन मिळतं, ते निघण्याआधीच काढलेलं बरं.

भूतानमधल्या ‘हा’ नावाच्या गावी भारतीय लष्कराचं प्रशिक्षण पथक 1960च्या दशकापासून आहे, तिथेही बदली होऊ शकते. भूतानला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार चालत नाही, आणि आपल्याकडे बायकांच्या पर्समध्ये नेमकं आधारच असतं. काँगो, दक्षिण सुदान, लेबनॉन इथे शांतिसेनेच्या तुकडीत गेलेल्या जवानाबरोबर कुटुंब जात नाही, तेव्हा तिथल्या व्हिसाचं आमिष दाखवणारा एजंट भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

तरीही पासपोर्ट काढून ठेवावा. 36 पानांच्या साध्या पासपोर्टला 1500 रुपये लागतात, अर्ज ऑनलाइन आणि हजेरी मुंढव्याच्या सेवा केंद्रात. त्यासाठी नवऱ्याने हजर राहायची गरज नाही. डिसेंबर 2016पासून विवाह दाखल्याची सक्तीही नाही. पत्ता मात्र जिथे राहता तिथलाच द्यायचा, नवऱ्याचा ‘मार्फत 99 एपीओ’ हा फौजी टपालपत्ता नव्हे. युनिटने ओळखीचं जोडपत्र दिलं तर पोलीस पडताळणीची वाट पाहावी लागत नाही, नाहीतर पौड पोलीस ठाण्यातून चौकशी होते. मुलांच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची सही लागते, ती सुट्टीतच घेऊन ठेवा.

या धावपळीत एक चूक सर्रास होते. नेट कॅफेत नवऱ्याच्या फौजी ओळखपत्राचा फोटो दिला जातो, व्हॉट्सअ‍ॅपवर युनिटचं ठिकाण लिहिलं जातं. वरच्या कुठल्याही अर्जासाठी बाहेरच्या माणसाला हे देण्याची गरज नसते. कोणी मागितलंच तर युनिटला विचारून मगच पुढचं, किंवा पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. सेवेतल्या जवानांच्या घरच्यांनाही तिथे मदत मिळते.

येत्या दिवाळीला घरचा जवान सुट्टीवर येणार असेल, तर पाव्हण्यारावळ्यांच्या गाठीभेटी चार दिवस पुढे ढकला आणि पहिल्या कामाच्या दिवशी जोडीने ग्रामपंचायतीत जा. साक्षीदार तिघे लागतात, त्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा.