हृदयाची चूल कशी विझते?

भाताच्या झोडणीचे दिवस. कशेळ्याच्या परिसरात खळ्यावर भारे येऊन पडलेले असतात आणि घरातला कर्ता माणूस एकाएकी छाती धरून खाली बसतो. दरदरून घाम सुटतो. घरची माणसे म्हणतात, “पित्त झाले असेल. ओवा खा, जरा पडून राहा. सकाळी बघू.”

या ‘सकाळी बघू’ची किंमत केवढी, हे शास्त्रज्ञांनी शरीराबाहेर काढलेल्या हृदयांवर प्रयोग करून शोधले आहे.

शरीराबाहेर काढलेले हृदय धडधडते का? होय, धडधडते. भातखाचरात ओरडणारा बेडूक आपल्या ओळखीचा आहे. त्याच्याच जातकुळीतील बेडकाचे हृदय लंडनचे डॉ. सिडनी रिंगर यांनी मिठाच्या पाण्यावर चालवून पाहिले. नळाचे पाणी वापरले तेव्हा ते छान चालले. ऊर्ध्वपातित शुद्ध पाणी घेताच थांबले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हृदयाला हवे होते, हे त्यांनी १८८३ साली सांगितले. दवाखान्यात सलाइनची ‘रिंगर लॅक्टेट’ बाटली लावतात, तिला त्यांचेच नाव आहे.

पुढे १८९५ साली जर्मनीच्या ऑस्कर लांगेनडॉर्फ यांनी सस्तन प्राण्यांचे हृदय असेच चालते ठेवले. हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीत नळी बसवून त्यांनी द्रव उलटा आत सोडला. त्यामुळे महारोहिणीची झडप मिटते आणि द्रव हृदयाला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरतो. आज या द्रवात क्षार व साखर घालतात, प्राणवायू सोडतात आणि तो अंगाच्या उबेइतका कोमट ठेवतात. मग प्राणवायू कमी केला, किंवा द्रवाची धार कमी केली, तर काय होते ते नीट मोजता येते.

वरवर पाहता दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात. पण त्या सारख्या नाहीत. १९७३ साली अमेरिकेत रोव्हेटो, व्हिटमर आणि नीली यांनी उंदरांच्या हृदयांवर हा फरक दाखवला.

हे समजायला आपली चूल पुरे. चुलीला हवा कमी पडली की लाकूड धुमसते. हृदयही प्राणवायूवाचून साखर अर्धवट जाळते. प्राणवायू असता साखरेच्या एका कणातून सुमारे ३० वाटे शक्ती मिळते, ती २ वाट्यांवर येते. तरी धार चालू असेल, तर आत साठणारे लॅक्टिक आम्ल वाहून जाते. धुराडे मोकळे असते आणि चूल कशीबशी धुमसत राहते. धारच आटली, तर हवाही नाही आणि धूर जायला वाटही नाही. आम्ल साठते आणि उरलीसुरली आगही विझवते. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळीने रक्तवाहिनी बंद होते, तेव्हा नेमके हेच घडते. सुमारे अर्ध्या तासाने तेथील स्नायू मरू लागतो, आणि हे मरण तासागणिक पसरत जाते. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही.

विस्तव मंद ठेवला तर लाकूड जास्त वेळ पुरते. हृदयाचेही तसेच. १९६८च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. रोगी काही तासच जगला. २०१५च्या ऑगस्टमध्ये मात्र पुण्यात दान केलेले हृदय विमानाने आणून मुंबईत मुलुंडच्या रुग्णालयात यशस्वीपणे बसवले गेले. असे हृदय बर्फात थंड ठेवतात. थंडीत त्याची भूक कमी होते, म्हणून ते सुमारे चार तास तग धरते. छातीतल्या उबदार हृदयाला ही सवड नसते.

म्हणून बंधुभगिनींनो, छातीत दाब येणे, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, घाम, धाप यांपैकी काही दिसले तर माणसाला बसवा, चालवू नका. १०८ला फोन करा. गाडी यायला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा आणि हृदयाचा आलेख काढायला सांगा. बायकांत आणि मधुमेह्यांत कधी नुसता थकवा, मळमळ एवढेच दिसते. तेही अंगावर काढू नका.

आलेखात पित्तच निघाले, तर हसत घरी या. भारे खळ्यावर एक दिवस थांबतील. हृदय थांबत नाही.