लेखणी पारखून पाटी घ्यावी

व्यापारी घरात माल पारखल्याशिवाय उचलला जात नाही. धान्याचा नमुना तळहातावर घेतला जातो, कापडाचा पोत दोन बोटांत तपासला जातो. मात्र मुलीने ‘चित्र काढायला टॅबलेट हवा’ असे म्हटले की हीच पारख डगमगते. पुणतांबा हे दौंड–मनमाड लोहमार्गावरील जंक्शन. शिर्डीचा फाटा येथूनच फुटतो. तरीही अशा गावी रेघ ओढून पाहण्यासाठी यंत्रे मांडलेली दुकाने सहसा नसतात. माल कुरिअरने येतो, म्हणून पारख पैसे देण्याआधीच व्हावी लागते.

नेहमीची चूक एकच. साधा स्वस्त टॅबलेट घेतला जातो आणि सोबत रबरी टोकाची शे-दोनशे रुपयांची लेखणी. त्या लेखणीला पडदा बोटच समजतो. हात हलका ठेवला काय किंवा दाबला काय, रेघ सारख्याच जाडीची उमटते. तळहात टेकला की नको तेथे डाग पडतो. महिनाभरात मूल कंटाळते आणि घर म्हणते, ‘आवड टिकली नाही.’ साधनाची उणीव अशी मुलाच्या नावे पडते. तो हिशेब पुढे कोणी तपासत नाही.

चित्रासाठीची साधने तीन प्रकारची असतात. पहिली बिनपडद्याची पाटी. ती दुकानातील हिशेबाच्या संगणकालाही जोडता येते; हात पाटीवर आणि नजर पडद्यावर ठेवावी लागते. ही सवय काही आठवड्यांत होते. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन यांच्या लहान पाट्या साधारण पाच हजारांच्या आत मिळतात. काही अँड्रॉइड मोबाइललाही जोडता येतात. आपला मोबाइल चालतो का, हे आधी पाहावे. दुसरा प्रकार पडद्याच्या पाटीचा. तीवर थेट रेखाटता येते, परंतु ती महाग असते आणि बहुधा तिलाही संगणक लागतो. तिसरा स्वतंत्र टॅबलेट. येथे किमतीत लेखणी धरली आहे का, हा पहिला प्रश्न. सॅमसंगच्या गॅलॅक्सी टॅब एस६ लाइटच्या खोक्यात लेखणी येते. आयपॅडची लेखणी वेगळी विकत घ्यावी लागते.

जाहिरातीत दाबाच्या पातळ्यांचे आकडे ठळक छापतात: २०४८, ४०९६, ८१९२. नवशिक्या हाताला २०४८ पुरतात. त्यापुढील फरक क्वचितच जाणवतो. त्यापेक्षा चार गोष्टी पाहाव्यात. लेखणी बॅटरीविना चालते का? अशा लेखणीला पाटीच्या चुंबकीय क्षेत्रातूनच ऊर्जा मिळते. रेखाटनाचा भाग निदान सहा इंच लांब व चार इंच रुंद आहे का? बदलण्याची टोके सोबत आहेत का, आणि पुढे सुटी मिळतात का? वॉरंटीचे काम कोठे होते? चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरवर आरंभी खर्च नको. संगणकावर ‘क्रिटा’ पूर्णपणे मोफत आहे; मोबाइलवर ‘आयबिस पेंट’ विनामूल्य वापरता येते. दरमहा वर्गणी मागणारे सॉफ्टवेअर घेतले, तर स्वस्त पाटीही वर्षभरात महाग पडते.

पाटी आली म्हणून कागद सोडू नये. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा कागदावरच होतात, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात. हात कागदावर बसतो. पाटी त्याला रंग बदलण्याची, चूक पुसण्याची आणि तेच चित्र पत्रिकेवर वा दुकानाच्या फलकावर वापरण्याची सोय देते.

लहान जागेची लाज वाटण्याचे कारण नाही. कल्पसूत्राच्या जुन्या हस्तलिखितांत चित्रकारांनी चार बोटे रुंदीच्या ताडपत्रावर त्रिशलामातेची स्वप्ने रंगविली.

आरंभी लहान पाटीच घ्यावी. लेखणीचे टोक वापराने झिजते आणि झीज खोटी दाखविता येत नाही. वर्षअखेरीस दुकानाची वही मिटविताना घरातील झिजलेली टोकेही मोजावीत. ती दोन-चार निघाली, तर मोठ्या पाटीचा खर्च बिनधास्त मांडावा.