मागची दाढ गेली, दिसतं कुणाला?

दातांच्या दवाखान्यात हे हमखास ऐकू येतं. दिसत नाही हे खरंच. पण किती दात गेले यापेक्षा कुठले गेले याला जास्त महत्त्व आहे, हे लक्षात येईपर्यंत बरेचदा समोरची दाढ लांबून मोकळ्या जागेत उतरलेली असते आणि शेजारची आडवी कललेली.

दात कसेही, कुठूनही जातात हा पहिला गैरसमज. साधारणपणे दाढा आधी जातात. खालचे सुळे आणि पटाशीचे दात शेवटपर्यंत तग धरतात. दाढांतही पहिला नंबर लागतो तो सहाव्या वर्षी येणाऱ्या कायमच्या दाढेचा. ती दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता गुपचूप उगवते. त्यामुळे आईवडील तिला दुधाचीच समजतात आणि कीड दिसली तरी ‘पडेल, दुसरी येईल’ म्हणून सोडून देतात. दुसरी येत नाही.

‘वय झालं की दात पडायचेच’ हेही तसंच. दात जातात ते मुख्यतः किडीने आणि हिरड्यांच्या आजाराने. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणून त्यांना सगळं ठीक वाटतं आणि एक दिवस दात हलायला लागतो. वरची दाढ काढल्याने नजर जाते, असंही मानतात. दाताची नस वेगळी, नजरेची वेगळी. दाढ निघते त्याच वयात चाळिशीचा चष्माही लागतो, एवढंच!

अमेरिकेतले दंतवैद्य एडवर्ड केनेडी यांनी १९२५ साली, कुठले दात गेले यावरून, तोंडातल्या रिकाम्या जागांचे चार वर्ग पाडले. ते आजही शिकवले जातात. पहिल्यात दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा नसतात, दुसऱ्यात एकाच बाजूच्या. तिसऱ्यात एका बाजूच्या फटीच्या मागेपुढे दात शाबूत असतात, चौथ्यात फट समोर, मधोमध असते. तिसऱ्यात दोन्हीकडच्या दातांना धरून ब्रिज बसवता येतो. पहिल्या दोनांत मागे धरायला काहीच नाही. काढघालीची कवळी नुसत्या हिरडीवर टेकते आणि चावताना डुगडुगते. इम्प्लांट हा उपाय आहे, पण त्याला खर्च आणि पुरेसं हाड दोन्ही लागतं.

म्हणूनच डॉक्टर शेवटची दाढ रूट कॅनाल करून वाचवू बघतात, आणि पेशंटला वाटतं, बिल वाढवतायत.